गटाचा राग आणि गटाची अढी

आज हिशेबाच्या वहीचं किंवा बँकेच्या कर्जाचं काही काढत नाही. आज रागाबद्दल बोलू या, आणि तोही गटाच्या रागाबद्दल.

तालुक्याच्या कबड्डीत आपल्या गावची पोरं हरली, की आपण घरी भाकऱ्या थापत असलो तरी हळहळतो. आपण मैदानात उतरलेलो नसतो, आपल्याला साधं खरचटलेलंही नसतं. पण पोरं आपली असतात. माझ्या अंगावर काही आलं नाही, माझ्या माणसांवर आलं म्हणून मला लागलं, याला मानसशास्त्रात समूहभावना म्हणतात. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७६ साली याचा एक मजेशीर अभ्यास छापला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला, की पुढच्या सोमवारी विद्यापीठाचं नाव छापलेले कपडे घालून येणारी मुलं वाढायची. फोन करून सामन्याचं विचारलं, तर जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना “आम्ही” हा शब्द जास्त यायचा. हरलेल्या सामन्याबद्दल बोलताना संघ “त्यांचा” व्हायचा. माणूस इथूनतिथून सारखाच!

खेळापुरतं हे चालतं. राजकारणात आलं की महागात पडतं. त्याच अमेरिकेत १९६० साली लोकांना विचारलं होतं, की तुमच्या मुलानं किंवा मुलीनं दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का? वाटेल म्हणणारे शंभरात चार-पाच निघाले. २०१० मध्ये तसाच प्रश्न विचारला, तर रिपब्लिकन पक्षाच्या लोकांत शंभरातले जवळजवळ पन्नास आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोकांत तेहतीस जण नाराजी दाखवायला लागले. म्हणजे आता सोयरिकीत पक्षही बघतात. ध्रुवीकरण हा जड शब्द आपण बातम्यांत ऐकतो, तो हाच. मतं वेगळी असणं वेगळं, आणि समोरच्याचं तोंडही बघायला नको वाटणं वेगळं.

आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की काय होतं, हे कुठल्याही सहयोगिनीला विचारा. दोन पॅनलच्या बायका एका सतरंजीवर बसेनाशा होतात. बैठक लांबते, बचत थांबते, मग अंतर्गत कर्जाचे हप्ते थकतात. बँकेच्या कर्जाला अख्खा गट जबाबदार असतो. त्यामुळं जिचा राजकारणाशी काडीचा संबंध नाही, तिचंही शेळीसाठी मागितलेलं कर्ज अडकून राहतं. म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो.

या बाबतीत एरन हाल्परिन या माणसाचं काम ऐकण्यासारखं आहे. ते इस्रायलमध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सामाजिक मानसशास्त्र शिकवतात. इस्रायल म्हटलं की आपल्याला लांबचा देश वाटतो. पण कोकणातले बेने इस्रायल तिकडे जाऊन राहिले आहेत. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून त्यांना इकडे शनवार तेली म्हणायचे. तिथं गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. असो, मूळ मुद्द्याकडे येते.

ज्यू इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांचं वैर पिढ्यान् पिढ्यांचं. हाल्परिन यांनी विचारलं, की या वैरात नेमकी कोणती भावना काम करते? आपण सगळ्यालाच राग म्हणतो. त्यांनी राग आणि द्वेष वेगळे काढले. राग येतो तो एखाद्या कृत्याचा: तुम्ही हे चुकीचं केलंत, सुधारा. द्वेष असतो तो माणसाचाच: तुम्ही मुळातच वाईट, तुमच्याकडून चांगलं होणारच नाही. आपल्या बोलीत सांगायचं तर एक झाला राग आणि दुसरी अढी.

२००७ साली अमेरिकेत ॲनापोलिस इथं शांततेची बोलणी व्हायची होती. त्याआधी काही आठवडे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही इस्रायली लोकांच्या मनात पॅलेस्टिनींबद्दलचा राग मुद्दाम जागा केला आणि मग तडजोडीबद्दल विचारलं. आपल्याला वाटेल, राग आला म्हणजे तडजोडीला नकारच येणार. ज्यांच्या मनात द्वेष मुरलेला होता त्यांच्या बाबतीत झालंही तसंच. पण ज्यांच्या मनात द्वेष कमी होता, ते रागावल्यावर तडजोडीला जास्त तयार झाले! विचार केला तर पटतं. ज्याच्याकडून काही अपेक्षा आहे, त्याच्यावरच आपण रागावून बोलायला जातो. अपेक्षा संपली की कोण बोलायला जातं?

मग अढी सुटते कशी? इथं आपल्या म्हणी आडव्या येतात. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे आपण किती सहज बोलून जातो. हाल्परिन आणि त्यांच्या साथीदारांनी २०११ मध्ये छापलेला अभ्यास नेमका या समजुतीवर होता. काही लोकांना एक लेख वाचायला दिला. हिंसक समूहांचा स्वभाव काळानुसार, पुढाऱ्यांनुसार बदलतो, असं त्यात होतं. दुसऱ्यांना दिलेल्या लेखात, तो बदलत नाही असं होतं. लेखात समोरच्या पक्षाचं नावसुद्धा नव्हतं. तरी पहिला लेख वाचणारे समोरच्याबद्दल थोडं बरं बोलले आणि तडजोडीला जास्त राजी झाले. मला यातलं विशेष वाटलं ते हे, की इस्रायली ज्यू आणि पॅलेस्टिनी, दोन्हीकडे हेच दिसलं.

आणखी एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो आपल्याला सतरंजीवर बसून करता येईल. २०११ च्या सप्टेंबरात पॅलेस्टिनी नेते संयुक्त राष्ट्रांकडे सदस्यत्व मागायला जाणार होते. इस्रायलमध्ये वातावरण तापणार हे उघड होतं. त्याच्या आठवडाभर आधी काही इस्रायली लोकांना एक छोटं प्रशिक्षण दिलं. राग येईल अशी चित्रं दाखवायची आणि सांगायचं, शास्त्रज्ञ बघतो तसं थंडपणानं, जरा लांबून बघा, काय दिसतं ते सांगा. बाकीच्यांना हे शिकवलं नाही. पुढं ती घटना झाली, गदारोळ झाला. ज्यांना शिकवलं होतं त्यांचं मन कमी तापलं आणि समेटाच्या उपायांना त्यांचा पाठिंबा जास्त राहिला. पाच महिन्यांनी पुन्हा विचारलं, तरी फरक टिकून होता. राग गिळा, असं कुणी सांगितलं नव्हतं, हे लक्षात घ्या. बायकांना राग गिळायला सांगणारे घरोघरी असतातच, त्यासाठी विद्यापीठ कशाला हवं?

अमित गोल्डेनबर्ग या दुसऱ्या संशोधकानं गर्दीचा अभ्यास केला. पडद्यावर क्षणभर काही चेहरे दाखवले आणि विचारलं, या सगळ्यांना मिळून किती राग आलाय? लोकांनी खऱ्यापेक्षा जास्त सांगितला, आणि चेहरे जितके जास्त तितका अंदाज फुगला. कारण आपली नजर सगळ्यात तापलेल्या चेहऱ्यांवरच खिळते. शांत चेहरे समोर असूनही मोजले जात नाहीत. मोबाईलवरच्या गावाच्या ग्रुपमध्ये चार जण भांडतात आणि आपण म्हणतो, सगळं गाव पेटलंय. बाकीचे दीडशे गप्प असतात.

आता तुम्ही म्हणाल, एवढं संशोधन झालं, मग तिथं शांतता का नाही? प्रश्न रास्त आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात हमासचा हल्ला झाला, मग गाझात युद्ध पेटलं, दोन्हीकडची माणसं मेली, गाझात तर हजारोंनी. लेख वाचून किंवा चित्रं बघून जमिनीचा, सत्तेचा, सुरक्षेचा प्रश्न सुटत नसतो. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला “शांत बस” म्हणणंही बरोबर नाही. मी या अभ्यासांकडे एवढ्यापुरतं बघते, की बोलणी व्हायची वेळ आली तर समोर बसण्याइतकं मन मोकळं राहावं. आपल्या गावातलं भांडण त्यामानानं किती लहान! ते गटाला झेपेल.

निवडणूक जवळ आली, की दोन-तीन गोष्टी करून बघा. बैठक ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळीच घ्या, पुढं ढकलू नका. बचत आणि कर्जाचे अर्ज आधी, बाकीचं नंतर. वाद निघालाच, तर प्रत्येकीनं आधी काय घडलं तेवढंच सांगायचं, कोण कशी आहे ते नाही. “तू सोमवारी हप्ता दिला नाहीस” हे चालेल, “तुमच्या पॅनलच्या बायका अशाच” हे नको. आणि बोलायची सुरुवात मागं भिंतीला टेकून बसलेल्या बाईपासून करा. अध्यक्ष, सचिव शेवटी बोलल्या तरी चालतील.