फ्लॉरेन्ससाठी चार दिवस

फ्लॉरेन्सचा बेत आखताना आधी वार बघावा. उफिझी, अकादेमिया आणि पिटी राजवाडा ही तिन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. मुक्कामात सोमवार येतच असेल, तर तो चर्चसाठी आणि नदीपलीकडच्या टेकडीसाठी ठेवावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत प्रवेश मोफत असतो, म्हणून गर्दीही तशीच लोटते.

आपल्याकडच्या ग्रुप टूरमध्ये या शहराच्या वाट्याला बहुतेक वेळा अर्धा दिवस येतो. मला त्याचं फार वाईट वाटतं. इथे चार दिवस हवेत, आणि दिवसाला एकच मोठी गोष्ट. शहर लहान, सगळं पायी जाण्यासारखं. नेमकं त्यामुळेच लोक एका दिवसात तीन संग्रहालयं उरकायला जातात आणि बोत्तिचेल्लीच्या व्हीनससमोर पोचेपर्यंत पाय बोलायला लागलेले असतात.

पहिली सकाळ कॅथेड्रलच्या घुमटाची. वेळ ठरवून तिकीट आधीच काढावं लागतं. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात हा घुमट उभारला, तोही जमिनीपासून लाकडी आधार न देता. घुमटाला दोन कवचं आहेत आणि जिना त्यांच्या मधून चढतो. त्या अरुंद वाटेत थांबून भिंत नीट बघा. विटांच्या आडव्या थरांत मधूनमधून उभ्या विटा बसवलेल्या दिसतात. चुना ओला असताना आत कललेला थर घसरू नये म्हणून या उभ्या विटा त्याला धरून ठेवत. खालून नुसता भव्य वाटणारा घुमट इथे कळायला लागतो. त्या दिवशी आणखी काही ठरवू नये.

दुसरा दिवस उफिझीचा. १५६० मध्ये वसारीने ही इमारत कोसिमो मेदिचीच्या सरकारी कचेऱ्यांसाठी बांधायला घेतली. इथला संग्रह इथेच राहिला तो आन्ना मारिया लुईसामुळे. मेदिची घराण्यातली ही शेवटची स्त्री. १७३७ च्या करारात तिने अट घातली, की घराण्याचा कलासंग्रह फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. एवढं माहीत असलं, की दालनांतून चालताना तिची आठवण होतेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकादेमियातला डेव्हिड. मायकेलअँजेलोचा हा पुतळा १८७३ पर्यंत उघड्या चौकात होता. आज तिथे प्रतिकृती आहे. तासाभरात बाहेर पडून जवळच्या सान मार्को मठात जावं. जिना चढून गेलं की समोरच फ्रा आंजेलिकोचं भित्तिचित्र, मेरीला देवदूत वार्ता सांगतोय ते. पुढे भिक्षूंच्या खोल्या, आणि प्रत्येकीत भिंतीवर एक चित्र. एका भिक्षूने रोज बघावं म्हणून काढलेलं. डेव्हिडइतकाच वेळ, किंबहुना जास्त, इथे द्यावा.

चौथ्या दिवशी सांता क्रोचे: मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि माकियावेल्ली यांची थडगी इथे आहेत. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असू द्यावेत.

मराठी माणसाने दुपारी काश्चिने उद्यानात जायलाच हवं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे १८७४ मध्ये छत्री उभारली. आत फेट्यातला त्यांचा रंगीत अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा रेखला. जवळच्या पुलालाही महाराजांवरूनच ‘पोंते आल इंदियानो’ नाव मिळालं. उद्यान नदीकाठाने तीन किलोमीटरहून लांब पसरलंय आणि छत्री पार पश्चिमेच्या टोकाला आहे. उन्हाळ्यात भर दुपारी पायी निघू नये, सायकल भाड्याने घ्यावी. आणि त्याच संध्याकाळी पुढची गाडी असेल, तर ही फेरी आदल्या दिवशीच करून टाकावी.