विद्वत्तेचे माप आणि मापाचा धनी

कामगार चळवळीत हयात घालविलेल्या माणसाने विद्वानांच्या मोजमापाविषयी का बोलावे, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु मोजणी हा विषय आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. गेली तीस वर्षे आम्ही विडी कामगार भगिनींची संघटना बांधीत आलो. विडीची मजुरी हजारावर. बाई घरी विड्या वळते, कारखान्यात नेऊन देते. तेथला माणूस त्या तपासतो आणि खराब म्हणून काही बाजूला काढतो. याला छाट म्हणतात. आमची निम्मी भांडणे दराची, तर निम्मी छाट काढण्यावरून. कोण मोजतो, कशावरून खराब ठरवितो आणि ते बाईला पाहावयास मिळते की नाही, हे तीन प्रश्न आम्ही जन्मभर विचारीत आलो.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणारा एक तरुण आमच्या कचेरीत आला. त्याच्या हातात गुणांचा तक्ता होता. किती लेख छापले, कोणत्या नियतकालिकात छापले, त्यांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, याचे रकाने त्यात होते. तो म्हणाला, "भाऊ, आमचेही आता हजारावर आले आहे." ते वाक्य आमच्या मनातून जाईना. म्हणून हे माप आले कोठून, हे आम्ही वाचून काढले. तेच येथे सांगावयाचे आहे.

विद्वान मनुष्य लेख लिहितो तेव्हा आधी कोणी काय लिहिले आहे त्याचा निर्देश करतो. पूर्वसूरींचे ऋण मान्य करण्याची ही चाल आपल्याला नवी नाही; आपल्या भाष्यकारांनी आणि टीकाकारांनी ती शतकानुशतके पाळली. या निर्देशालाच संदर्भोल्लेख म्हणावे. त्यांची पद्धतशीर नोंद प्रथम वकिलांनी ठेविली. अमेरिकेत १८७३ साली फ्रँक शेपर्ड या गृहस्थाने एखाद्या निकालाचा हवाला पुढच्या कोणत्या निकालांत आला, याच्या याद्या विकावयास आरंभ केला. जुना निकाल अद्याप ग्राह्य आहे की फिरविला गेला, हे वकिलाला त्यावरून कळे.

पुढे १९२७ साली कॅलिफोर्नियातील पोमोना कॉलेजच्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी रसायनशास्त्राच्या एका नियतकालिकातील उल्लेख मोजले. हेतू साधा होता: लहान ग्रंथालयाने तुटपुंज्या पैशांत कोणती नियतकालिके घ्यावीत, हे ठरविणे. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनीही १९४८ साली ग्रंथालयाच्या कामात गणिताचा उपयोग करावा असे मांडून त्या शास्त्राला 'लायब्रमेट्री' हे नाव सुचविले होते.

या कल्पनेला मोठे रूप दिले ते युजीन गारफील्ड यांनी. शेपर्डची पद्धत विज्ञानाला लावावी असा लेख त्यांनी १९५५ साली 'सायन्स'मध्ये लिहिला, १९६० साली फिलाडेल्फियात संस्था काढली आणि १९६४ साली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध केला. त्याची खुबी अशी. पुस्तकाच्या शेवटची संदर्भसूची मागे नेते; हा निर्देशांक पुढे नेतो. १९५० सालचा एखादा लेख घ्या. त्याचा आधार पुढे कोणी घेतला, त्यातली चूक कोणी दाखविली, हे सारे एका जागी सापडते. म्हणजे मुळात ही वाट दाखविणारी पाटी होती. तिचा तराजू पुढे झाला.

तराजू कसा झाला ते पाहू. पहिले माप नियतकालिकाचे. त्याला 'इम्पॅक्ट फॅक्टर' म्हणतात. समजा एका नियतकालिकाने २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून १०० लेख छापले आणि २०२४ सालात त्या लेखांचा उल्लेख २५० वेळा झाला, तर २५० भागिले १००, म्हणजे त्याचा आकडा २.५. दुसरे माप माणसाचे. हर्श या पदार्थवैज्ञानिकाने २००५ साली 'एच-इंडेक्स' सुचविला. एखाद्याचे पाच लेख आहेत आणि त्यांचे उल्लेख अनुक्रमे २०, ९, ६, ४ आणि १ आहेत. किमान चार उल्लेख असलेले लेख चार भरतात. किमान पाच उल्लेख असलेले पाच भरत नाहीत. म्हणून त्याचा आकडा ४.

ही मोजणी आज संगणकावरील प्रचंड माहितीसाठ्यांतून होते. गारफील्ड यांच्या कामातून आलेले 'वेब ऑफ सायन्स', २००४ सालचे 'स्कोपस' आणि त्याच वर्षीचे 'गूगल स्कॉलर' हे त्यांतले ठळक. तिन्ही खाजगी कंपन्यांचे आहेत. एकाच माणसाचा आकडा तिन्हींकडे वेगळा निघतो, कारण काय मोजावयाचे ते प्रत्येकाने आपापले ठरविले आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मोजणीच नको, असे आम्ही म्हणणार नाही. जेथे मोजणी नसते तेथे मर्जी चालते. वशिल्याच्या माणसापुढे गरिबाच्या पोराला दाखविण्याजोगा काही आकडा असावा, हे चांगलेच. प्रश्न आकड्याचा नाही. आकड्याकडून काय वदवून घ्यावयाचे, हा आहे.

उल्लेख झाला एवढेच आकडा सांगतो. का झाला ते सांगत नाही. 'लॅन्सेट'ने १९९८ साली छापलेल्या एका लेखाने गोवराच्या संयुक्त लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला होता. तो लेख २०१० साली मागे घेण्यात आला. त्याचे उल्लेख विपुल आहेत, पण फार मोठा भाग खंडन करणारांचा. उलट प्रथिने मोजण्याची कृती सांगणारा लॉरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ सालचा लेख तीन लाखांहून अधिक वेळा उल्लेखिला गेला, कारण ती कृती प्रयोगशाळांच्या रोजच्या कामाची होती. पीटर हिग्ज यांनी १९६४ साली मांडलेल्या कल्पनेला नोबेल मिळाले २०१३ साली. मधल्या काळात त्यांनी थोडेच लेख लिहिले. आजच्या दिवसांत आपल्याला विद्यापीठात नोकरी मिळाली नसती, असे त्यांनीच सांगितले होते.

दुसरे असे की नियतकालिकाचा आकडा ही सरासरी आहे. कारखान्यात मॅनेजरचा पगार धरून सरासरी काढली म्हणजे झाडूवाल्याचा पगार कळत नाही. नियतकालिकातही थोड्या लेखांना पुष्कळ उल्लेख मिळतात, बाकीच्यांना तुरळक. शिवाय वैद्यकात उल्लेख भराभर होतात, गणितात सावकाश. आणि भाषेचे काय? हे साठे मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांवर उभे आहेत. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचे बावीस खंड काढले. असे काम आज कोणी मराठीत केले तर या तराजूत त्याचे वजन जवळजवळ शून्य भरेल.

सर्वांत मोठी हानी होते ती आकडा पोटाशी बांधला म्हणजे. केवळ हजाराची घाई लागली की विडी सैल होते, हे आमच्या भगिनी जाणतात. गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली हाच विचार चलनविषयक धोरणासंबंधी मांडला: ज्या आकड्यावर नियंत्रणासाठी भार टाकावा तो विश्वासाचा राहत नाही. आपल्या देशात तेच झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांशी जोडल्या, आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उदंड झाली. आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली. तीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ नावे काढावी लागली. मग 'केअर' यादी आली, तिचे काम पुण्याच्या विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. याद्या आल्या आणि गेल्या. लेख वाचून पाहण्याचा कंटाळा मात्र कायम राहिला.

जगातल्या विद्वानांना हे कळले नाही असे नाही. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या मंडळींनी जाहीरनामा तयार केला की नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाची किंमत करू नये. २०१५ साली 'लायडन जाहीरनामा' निघाला. त्यात दहा तत्त्वे आहेत. स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्यावे, आणि ज्याचे मोजमाप होते त्याला ती माहिती तपासता यावी, ही त्यांतली दोन. ती वाचताना आम्हांला आमचे जुने मागणीपत्र आठवले. काढलेली छाट बाईच्या डोळ्यांसमोर ठेवा, हीच आमची मागणी होती. ती मान्य झाली त्या महिन्यापासून छाट कमी झाली. विड्या त्याच होत्या आणि हातही तेच.

त्या तरुणाच्या वतीने आम्ही तेवढेच मागितले: शून्य गुण कशाला दिले ते दाखवा. पुष्कळ खेटे घातल्यावर तक्ता दाखविण्यात आला. त्याच्या तालुक्यातील जात्यावरच्या ओव्यांवरील मराठी लेखाला शून्य होते. नियतकालिक यादीत नव्हते, एवढेच कारण. तो लेख समितीतल्या कोणीच वाचला नव्हता. गुण काही वाढले नाहीत. तो अजून तासावरच शिकवितो.

आम्ही तो लेख कचेरीत मोठ्याने वाचला. ऐकणाऱ्यांत सहा विडी कामगार बाया होत्या. एकीने त्यातल्या एका ओवीचा पाठ चुकला आहे असे सांगून बरोबर पाठ म्हणून दाखविला, आणि त्या तरुणाने तो तेथल्या तेथे उतरून घेतला. त्या बाईचा हा उल्लेख जगातल्या कोणत्याही साठ्यात सापडणार नाही. परंतु विद्येचे काम पुढे सरकते ते असे. आपल्या गावातही कोणी काही शोधून लिहिले असेल. त्याचा आकडा विचारण्याआधी त्याचा लेख मागून घ्या, आणि वाचा.