रॅन्डी ऱ्होड्स नशेचा बळी नव्हता

रॉक गिटारवादक पंचविशीत गेला म्हटलं, की नशेनेच गेला असणार, असं लोक धरून चालतात. त्यातून तो नशेसाठी कुप्रसिद्ध असलेल्या गायक ऑझी ऑस्बोर्नच्या बँडमधला असेल, तर विचारायलाच नको. रॅन्डी ऱ्होड्सवर हा अन्याय वर्षानुवर्षं होत आला आहे.

१९ मार्च १९८२ च्या सकाळी फ्लोरिडातल्या लीसबर्गला बँडची बस एका छोट्या धावपट्टीजवळ उभी होती. बसचालकाला विमान चालवता येत होतं. ऱ्होड्सला आणि बँडबरोबरच्या एका बाईंना घेऊन तो चक्कर मारायला निघाला. गंमत म्हणून बसवरून अगदी कमी उंचीवर विमान नेताना त्याचा पंख बसला घासला. विमान कोसळून पेटलं आणि तिघेही गेले. तपासणीत वैमानिकाच्या शरीरात कोकेन सापडलं. ऱ्होड्सच्या शरीरात निकोटिनखेरीज काहीच नव्हतं. उलट आदल्या रात्री त्यानेच आपल्याला दारूवरून सुनावलं होतं, असं ऑझीने पुढे सांगितलं.

त्याचं वादन म्हणजे मंचावर सुचेल तसं घातलेलं थैमान, हा दुसरा गैरसमज तर मला अधिक खटकतो. ऱ्होड्स वाढला तो शिकवण्यांच्या घरात. आई डेलोरेस नॉर्थ हॉलिवूडमध्ये ‘म्युझोनिया’ ही संगीतशाळा चालवत. लॉस एंजेलिसमध्ये ‘क्वायट रायट’ बँडमध्ये वाजवत असतानाही तो तिथे गिटार शिकवत होता. १९७९ मध्ये ऑझीने त्याला निवडलं आणि पुढच्या वर्षी ‘ब्लिझार्ड ऑफ ऑझ’ आला. त्यातले सोलो नीट ऐकावेत. एकदा वाजवलेला सोलो तो स्वरन्‌स्वर तसाच पुन्हा वाजवायचा आणि ही ध्वनिमुद्रणं एकावर एक चढवली जायची. आधी पक्का बांधलेला सोलोच असा दुहेरी वाजवता येतो. त्याच अल्बममध्ये आईसाठी केलेली ‘डी’ ही छोटीशी, शांत रचनाही आहे.

दौऱ्यावर असताना तो गावोगावी शास्त्रीय गिटारचे शिक्षक शोधून धडे घ्यायचा. ऑझीबरोबरच्या ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ या अल्बमच्या शीर्षकगीताची सुरुवात क्यूबाचे संगीतकार लिओ ब्रॉवर यांच्या एका अभ्यासरचनेची आठवण करून देते. बँड सोडून शास्त्रीय गिटारचं रीतसर शिक्षण घ्यायचा विचारही त्याने बोलून दाखवला होता.

आणखी एक गोंधळ म्हणजे ‘क्वायट रायट’च्या गाजलेल्या ‘मेटल हेल्थ’मध्ये ऱ्होड्स वाजवतो, हा समज. तो अल्बम १९८३ चा, म्हणजे ऱ्होड्सच्या मृत्यूनंतरचा. त्याने या बँडबरोबर केलेले दोन अल्बम त्या काळी फक्त जपानमध्ये निघाले होते.

तो काम कसं करायचा हे कळण्यासाठी १९८७ मध्ये निघालेला ‘ट्रिब्यूट’ ऐकावा. अल्बम मुख्यतः मैफलींचा आहे, पण शेवटी स्टुडिओतले ‘डी’चे तुकडे आहेत: तो अडतो, थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवतो.