आजोबांच्या गाडीची चाबी

तुमच्या घरी असा प्रसंग कधी घडला आहे का? आजोबा सकाळी गाडी काढतात. घरचे म्हणतात, "आता गाडी ठेवा, आम्ही नेऊन देऊ." आजोबा चिडतात, "मले बरोबर दिसते ना! काही होत नाही." यात बरोबर कोण? आज आपण हेच समजून घेऊया.

आपल्या भंडारा जिल्ह्यातून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. भंडारा, लाखनी, साकोली ही गावे त्याच्यावरच आहेत. या रस्त्यावर ट्रक भरधाव धावतात आणि त्याच रस्त्यावर सायकल, ट्रॅक्टर, बैलबंडीही असते. अशा ठिकाणी तीन गोष्टी लागतात: दिसणे, समजणे आणि वेळेवर ब्रेक लावणे.

वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. त्यामुळे विशीच्या तुलनेत साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून दिवसा चांगले दिसणाऱ्या माणसाला संध्याकाळी मागचा दिवा नसलेली बंडी दिसत नाही. समोरून हेडलाईट आला की डोळे दिपतात आणि सावरायलाही वेळ लागतो.

आता थोडे गणित करूया. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. प्रतिसादाला फक्त अर्धा सेकंद जास्त लागला, तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. रस्ता ओलांडणाऱ्या लेकरासाठी हे अंतर खूप मोठे आहे.

मग सगळ्या म्हाताऱ्यांची गाडी बंद करायची का? नाही. संशोधन वेगळेच सांगते. अमेरिकेतील सिंथिया ओस्ली आणि सहकाऱ्यांनी मोतीबिंदू असलेल्या २७७ चालकांचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांच्या अपघातांचे प्रमाण, न केलेल्यांच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. म्हणजे दोष नुसत्या वयाचा नसतो. बरेचदा तो उपचार करता येण्यासारख्या आजाराचा असतो. आपल्याकडे राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून आहे. त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते.

दुसरी बाजूही बघा. गाडी सोडलेल्या वृद्धांवरील अनेक अभ्यासांचा २०१६ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. त्यांच्यात उदासीनतेची लक्षणे दिसण्याचा धोका जवळपास दुप्पट आढळला. कारण साधे आहे. गाडी गेली की बाजार, बँक, दवाखाना, सोयऱ्यांकडचे लग्न, सगळेच दुसऱ्याच्या सवडीवर येते. आजोबा चाबीसाठी भांडत नाहीत, स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी भांडतात.

कायदा काय म्हणतो? खाजगी वाहनाचा परवाना पंचावन्न वर्षांनंतर एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो. चाळिशीनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-अ, लागते. ते नुसता कागद म्हणून आणू नका, खरोखर तपासणी करून घ्या.

आणि पर्याय? ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीत राज्यभर मोफत प्रवास आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट लागते. पण ज्या गावात एसटी दिवसातून एकदाच येते, तिथे सवलत असून उपयोग थोडाच. तिथे घरच्यांनीच ठराविक वार ठरवून न्यावे-आणावे.

म्हणून चाबी एकदम हिसकावू नका. आधी डोळे तपासा. मग अंधारात आणि महामार्गावर गाडी नको, एवढे ठरवा. गावातल्या गावात, दिवसा, हेल्मेट घालून चालू द्या. बंद करायची वेळ आलीच, तर त्याआधी दुसरी सोय करा.

उपक्रम : अंगणात टेपने २५ मीटर मोजा. दिवसाउजेडी तिथून उभ्या गाडीची नंबर प्लेट आजोबांना वाचायला सांगा, नेहमीचा चष्मा चालेल. मात्र नंबर त्यांना पाठ असलेली घरची गाडी नको, शेजारची घ्या! वाचता आली नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. आणि जाताना भांडण नको, सोबत करा.