फरशी चमकते, पण श्वास कोंडतो

दिवाळी आठ दिवसांवर आली की घरोघरी बाथरूमच्या फरशा घासायला काढल्या जातात. टाइल्समधले काळे पडलेले सांधे ब्लीचिंग पावडरने निघेनात, म्हणून कुणीतरी वरून थोडे अ‍ॅसिड ओतते. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दार लावलेले असते. पाचच मिनिटांत डोळ्यांची आग, घशात ठसका आणि छाती आवळल्यासारखे होऊन घासणारी व्यक्ती बाहेर धाव घेते.

हा नुसता ‘उग्र वास’ नव्हे. ब्लीचमधील हायपोक्लोराइट आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ईप्रच्या रणांगणावर शस्त्र म्हणून वापरला गेला तोच हा वायू. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि खाली बसून घासणाऱ्याच्या नाकातोंडात जातो. श्वासनलिकेतील ओलाव्यात मिसळून त्याची आम्ले बनतात व आतील नाजूक आवरण भाजते. दमेकऱ्यांना थोडा वायूही पुरतो. संडास साफ करायच्या अनेक द्रावणांतही हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच असते, त्यामुळे त्यात ब्लीच मिसळणे तितकेच धोक्याचे.

मुळात सिरॅमिक टाइलला अ‍ॅसिडची गरज नसते. तिच्यावर काचेसारखा लुकण असतो, त्यात मळ मुरत नाही. मळ धरतात ते सिमेंटचे सांधे. अ‍ॅसिडने उठणारा फेस म्हणजे मळ निघाल्याची खूण नव्हे. बऱ्याचदा ते सिमेंटच विरघळत असते. सांधे खरबरीत होतात आणि पुढच्या खेपेला अधिक मळ धरतात. शहाबादी आणि कडप्पा तर चुनखडीचे दगड. त्यांना अ‍ॅसिड मुळीच लावू नये.

रोजच्यासाठी आधी केर काढून बादलीभर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचे लिक्विड घालून पुसावे आणि मग साध्या पाण्याचा हात फिरवावा. साबणाचा थर राहिला तर फरशी निसरडी होते आणि घरातल्या आजी-आजोबांचे खुब्याचे हाड मोडायला तेवढे निमित्त पुरते. सांध्यांवर खाण्याच्या सोड्याचा लेप पंधरा मिनिटे ठेवून जुन्या टूथब्रशने घासावे. बुरशीसाठी ब्लीच वापरायचेच असेल तर ते फक्त पाण्यात मिसळावे, हातमोजे घालावेत आणि दार-खिडकी उघडी ठेवावी. अ‍ॅसिड शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. तहानलेले मूल लेबल वाचत नाही.

चुकून वायू तयार झालाच तर बादली आवरत बसू नये. लगेच मोकळ्या हवेत यावे, डोळे पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावेत, कपडे बदलावेत. खोकला थांबत नसेल, छातीत घरघर असेल किंवा दम लागत असेल तर थेट रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. सुरुवातीला बरे वाटले तरी काही तासांनी फुफ्फुसांत पाणी साचू शकते, म्हणून त्या रात्री रुग्णाला एकटे झोपू देऊ नये. डॉक्टरांना दाखवायला दोन्ही बाटल्या मात्र आठवणीने, झाकण घट्ट लावून, सोबत न्याव्यात.