वजनाचं ऑपरेशन एकदाच, गोळ्या आणि रक्त तपासणी मात्र आयुष्यभर



मागच्या वर्षावासात वसमत तालुक्यातल्या एका विहारात आम्ही आरोग्यावर बोलायला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. म्हणाल्या, "पायाला मुंग्या येतात. चप्पल पायातून कधी निसटते ते कळत नाही." मुलगा पुण्यात कंपनीत आहे. त्याच्या विम्यावर तीन वर्षांपूर्वी ताईंचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. साखर उतरली, गुडघे हलके झाले. बरं वाटतंय म्हणून वर्षभरात गोळ्या सुटल्या. पुढे अशक्तपणा आला तेव्हा रक्तवाढीच्या लाल गोळ्या मिळाल्या. हिमोग्लोबिन वाढलं, मुंग्याही वाढल्या. रक्त तपासलं तर बी-१२ अगदी तळाला गेलेलं.

यात दोष ताईंचा नाही. सुट्टी देताना इंग्रजी कागद हातात दिला, समजावून कुणी सांगितलं नाही. म्हणून आम्ही हे लिहितो आहोत. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत असं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा हे मोठ्या माणसांचं काम वाटायचं. आता ते विम्यामुळे आपल्या घरांपर्यंत आलं आहे.

पोटात काय बदलतं?

'स्लीव्ह' प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, केळाएवढी नळी उरते. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. लोह आणि कॅल्शियम जास्त करून त्याच भागात शोषलं जातं. बी-१२ शोषायला जठरातून पाझरणारा एक घटक लागतो, तोही कमी पडतो. म्हणजे ताटात सगळं असलं तरी ते अंगी लागत नाही. बी-१२ चा शरीरातला साठा दोन-तीन वर्षं पुरतो, म्हणून त्रास उशिरा कळतो.

लाल गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. नुसत्या लाल गोळ्यांनी रक्त सुधारलेलं दिसतं आणि आत नसा खराब होत राहतात. ताईंचं तेच झालं.

कोणत्या गोळ्या?

डोस डॉक्टरच ठरवतील. साधारण प्रमाण असं:

- मल्टीव्हिटॅमिन: रोज. त्यात बी-१, फॉलिक ॲसिड, झिंक, तांबं आहे का ते पाहून घ्या.
- बी-१२: रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम गोळीतून, किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन.
- लोह: पाळी येणाऱ्या बायांना रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम.
- कॅल्शियम: दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, दोन-तीन वेळा विभागून. 'सायट्रेट' प्रकारचं चांगलं शोषलं जातं.
- डी-३: रोज सुमारे ३००० युनिट, पुढे रक्त तपासून कमी-जास्त.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नका.

कोणत्या तपासण्या?

पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी. सीबीसी, फेरिटिन, बी-१२, फॉलेट, डी-३, कॅल्शियम, पीटीएच, अल्ब्युमिन, लिव्हर, किडनी आणि साखर. नुसतं हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, तो हिमोग्लोबिनच्या आधी घटतो. दर वेळी खासगी लॅबमध्ये पैसे घालण्याआधी हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात काय होतं ते विचारा. तो आपला हक्क आहे. गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतात.

उलट्या आणि सलाईन

हे घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. ऑपरेशननंतर उलट्या थांबत नसतील, खाणं सुटलं असेल, तर बी-१ चा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. आपल्याकडे अशक्त माणसाला पहिली ग्लुकोजची सलाईन लागते. बी-१ नसताना ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ ही खूण आहे. डॉक्टरांना आधीच सांगा, "पोटाचं ऑपरेशन झालंय, आधी बी-१ चं इंजेक्शन द्या." ऑपरेशनच्या कागदाची झेरॉक्स पाकिटात ठेवा. असा रुग्ण घरी ठेवू नका, मोठ्या दवाखान्यात न्या.

आणखी काही

जेवताना आधी अंडं, मासळी, सुकट, कलेजी, डाळ किंवा दही, भाकरी नंतर. ज्वारीत बी-१२ नसतं. दिवस राहण्याआधी दीड वर्ष थांबा. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, बायपासच्या जोडावर अल्सर होतो. आणि दारू: या ऑपरेशननंतर ती लवकर व जास्त चढते, व्यसनाचा धोका वाढतो. पाचवं शील इथे औषधाइतकंच कामाचं आहे.

बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या. त्या सोसत त्यांनी आपल्यासाठी काम केलं. आपल्याला तपासणी आणि औषध मिळू शकतं, तर ते सोडायचं कशाला?

ताईंना आता बी-१२ ची इंजेक्शनं सुरू आहेत. मुंग्या कमी झाल्या, तळपायाचा बधिरपणा मात्र अजून आहे. नसांचं नुकसान कधी कधी पूर्ण भरून येत नाही. तुमच्या वस्तीत कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर रविवारी वंदनेनंतर त्यांना एवढंच विचारा: गोळ्या चालू आहेत ना? शेवटचं रक्त कधी तपासलं?

जयभीम. नमो बुद्धाय.