मजकूर एकाचा, मान दुसऱ्याची

२७ नोव्हेंबर २००४, शनिवारची रात्र. बाजी डॉट कॉम या मुंबईच्या लिलाव संकेतस्थळावर कुणीतरी ‘ई-बुक’च्या सदरात एक क्लिप विकायला ठेवली. किंमत १२५ रुपये. शाळकरी मुलांची ती खासगी चित्रफीत होती. तक्रार त्याच रात्री कंपनीकडे पोचली, पण माल उतरवला गेला तो सोमवारी सकाळी. मधल्या सुट्टीत काही प्रती खपल्याही. विक्रेता सापडला, आणि डिसेंबरात दिल्ली पोलिसांनी कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांनाही अटक केली.

२००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ७९ तेव्हा असे होते, की आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली, हे मध्यस्थानेच, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर मांडणाऱ्या कंपनीनेच, सिद्ध करायचे. म्हणजे आधी कोठडी, मग खुलासा. बजाज यांची सुटका सर्वोच्च न्यायालयात २०१२ मध्ये झाली, तीही वेगळ्याच मुद्द्यावर: कंपनीला आरोपी केल्याशिवाय तिच्या संचालकावर खटला चालत नाही. दुसऱ्याच्या मालाला दुकानदार किती जबाबदार, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

कायदा मात्र तोवर बदलला होता. २६/११ नंतर महिन्याभरातच, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेने फारशी चर्चा न करता दुरुस्ती मंजूर केली. एकाच विधेयकाने कंपन्यांना दुसऱ्यांच्या मजकुराच्या जबाबदारीपासून कलम ७९ चे नवे संरक्षण दिले आणि लिहिणाऱ्यांच्या माथी आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारे कलम ६६अ मारले. पुढे २०११ च्या नियमांनी तक्रार आल्यापासून ३६ तासांत हालचाल करण्याचे बंधन घातले, नाहीतर ते संरक्षण जाणार. मजकूर ठेवला तर जोखीम, काढला तर विचारणारे कुणी नाही; कंपन्यांचा हिशेब इतका सोपा झाला. माझ्या मते गेली पंधरा वर्षे भारतातले इंटरनेट कुठल्याही कलमापेक्षा याच हिशेबावर चालले आहे.

६६अ चे खरे रूप दिसले ते पालघरमध्ये. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद पडली. त्यावर एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला, तिच्या मैत्रिणीने ‘लाइक’ दिले, आणि पोलिसांनी दोघींनाही उचलले. त्यानंतर श्रेया सिंघल ही दिल्लीची कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी ६६अ रद्द झाले, वृत्तपत्रांचे मथळे त्यानेच भरले. त्याच निकालाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. कुणीही तक्रार केली म्हणून मजकूर काढण्याची सक्ती नाही. त्यासाठी न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश हवा, असे कोर्टाने ठरवले. खासगी धाकदपटशाचे दार बंद झाले. सरकारी दार उघडेच राहिले.

मग रैनपाडा. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा व्हॉट्सअॅपवर फिरत होती. मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने फॉरवर्डवर पाचाची मर्यादा घातली. सरकारला मात्र संदेश पहिल्यांदा कुणी पाठवला ते हवे होते. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांत मोठ्या कंपन्यांवर तशी सक्ती आली आणि व्हॉट्सअॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. पहिला पाठवणारा सापडूनही ते पाच जण वाचले असते, असे मला वाटत नाही. त्या खोलीच्या दाराशी वेळेत पुरेसे पोलीस लागले असते.

याच काळात मुंबई उच्च न्यायालयाने दोनदा भान दाखवले. मार्च २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने सांगितले, की सदस्याच्या पोस्टला केवळ ग्रुप अॅडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही. सोसायटीच्या ग्रुपांचे सेक्रेटरी सुटले म्हणायचे! दुसरा निकाल वजनदार होता. सरकारविषयीची माहिती खोटी आहे की नाही, हे सरकारच्याच फॅक्ट चेक युनिटने ठरवायचे, या २०२३ च्या तरतुदीला विनोदवीर कुणाल कामरा यांनी आव्हान दिले. न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचे मत फुटले; तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली.

वर्षभरात उलटा वारा आला. मजकूर हटवण्याच्या नोटिसा गृह मंत्रालयाच्या ‘सहयोग’ पोर्टलवरून थेट कंपन्यांना जातात. एक्सने (पूर्वीच्या ट्विटरने) त्याविरुद्ध केलेली याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. नोटिशीचा आधार आहे कलम ७९ च, जे २००८ मध्ये मध्यस्थांच्या संरक्षणासाठी नव्याने लिहिले गेले होते. नोटीस सरकार कंपनीला देते. ज्याची पोस्ट उतरते, तो त्या व्यवहारात पक्षकारच नसतो.